आत गेलेली कामं

आमचे हे दुपारी जेवायला घरी यायचे आणि जेवता जेवता ऑफिसातलं सांगायचे. संसारात माझं एकटीचं म्हणावं असं एवढंच होतं. घर भाड्याचं, मुलगी शाळेत, शेजारणी चांगल्या, पण मला चारचौघींत बोलता येत नाही. दिवसभरात माझ्याशी कोणी मन लावून बोललं तर तेच, आणि तेही ताटावर. कोण काय म्हणालं, शेठजी कशावरून तापले, कोणत्या गावची गाडी ओली आली म्हणून परत पाठवली, सगळं सांगायचे. ती माणसं मी पाहिलेली नव्हती, तरी माझ्या ओळखीची झाली होती.

ते जालन्यात एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठजी बोलायचे आमच्यासारखंच, फक्त घाईत असले की हिंदी निघायची. जिल्ह्यात गावोगावी त्यांचे कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असायचे आणि मी अशाच एका प्लॉटवर वाढले. माझं माहेर वाटूरजवळचं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला वाटूरला जावं लागायचं, आणि त्याच साली आमच्या शिवारात पहिला प्लॉट आला. संकरित बी करायचं तर कपाशीच्या कळीतले नर, म्हणजे आतले केसर, खुडून टाकावे लागतात, आणि त्याला बारीक बोटं लागतात. माझी शाळा तिथं संपली. तेव्हा काही वाटलं नव्हतं. मैत्रिणी सगळ्या प्लॉटवरच होत्या, शाळेत कोण उरलं होतं?

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ऑफिसात कॉम्प्युटर आला. आतल्या खोलीत एक मोठं यंत्र, आणि त्याला जोडलेले पडदे बाहेर टेबलांवर. जुने कारकून त्याच्याकडं पाठ करून बसायचे. ह्यांना मात्र त्याचं वेड लागलं. औरंगाबादेला जाऊन थोडं शिकून आले, बाकीचं एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून, शेजारी शब्दकोश ठेवून. रोज जे कळायचं ते दुपारी मला सांगायचे. मला सांगितल्यावर त्यांना स्वतःला जास्त नीट कळतं, असं ते म्हणायचे. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

स्क्रिप्ट म्हणजे काय, ते त्यांनी मला भाकरी मोडता मोडता समजावलं. यंत्राला द्यायचे हुकूम एकाखाली एक लिहून ठेवायचे. यंत्र वरून वाचत येतं, एक हुकूम पाळतं आणि खालच्यावर जातं. शेठजींची पाच केंद्रं होती. वाटूर, हसनाबाद, अंबडकडचं, आणि आणखी दोन. कोणत्या केंद्रावर किती बी आलं, कोणत्या प्लॉटचं पास झालं, ते सगळं सकाळी यंत्रात भरलं जायचं, प्रत्येक केंद्राचं वेगळ्या फ्लॉपीवरून. मग प्रत्येक केंद्राचं वेगळं काम चालवायचं आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक कागद काढायचा. त्या कागदावर गाड्या सुटायच्या. एकामागून एक कामं चालवली तर दुपार त्यातच जायची. म्हणून ह्यांनी एक मोठी स्क्रिप्ट लिहिली. ती स्वतः काही करायची नाही, नुसती बाकीच्यांना कामाला लावायची. तू वाटूरचं कर, तू हसनाबादचं कर, असं म्हणत एकेकाला सोडायची आणि कोणासाठी न थांबता पुढं जायची. सुटलेल्या प्रत्येक कामाला यंत्र एक नंबर देतं. पुस्तकात अशा सुटलेल्या कामाला लेकरू म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. ऑफिसात मात्र सगळे प्रोसेसच म्हणायचे.

स्क्रिप्ट चालली, पण कागद अर्धा निघाला. हसनाबादचं काम मोठं, ते आत चालूच होतं, आणि मोठ्या स्क्रिप्टनं वाट न बघता शेवटचा कागद काढून टाकला. शेठजींनी सगळ्यांसमोर तो कागद टेबलावर टाकला. हे घरी आले तेव्हा ताटाकडं बघेनात.

"सगळ्यांला सोडून तर राह्यलो," ते म्हणाले, "पण कोण आलं, कोण आत हाय, त्याचा पत्ताच लागंना."

मला हसू आलं, कारण ही तर आमच्या मामीची अडचण होती.

मामी म्हणजे आमच्या प्लॉटवरची मुकादमीण. ती मला नात्यानं मामी लागायची. तिची एक रीत होती. प्रत्येक बाईनं घरून आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून आणायची. कपाशीच्या ओळीत शिरताना पहिल्या झाडाला ती बांधायची आणि बाहेर आलं की सोडून कमरेला खोचायची. कपाशी डोक्याच्या वर गेलेली असायची, आत शिरलेलं माणूस दिसायचं नाही. मागं एका बाईला आत चक्कर आली होती आणि बाकीच्या तिला तिथंच विसरून घरी निघून आल्या होत्या, तेव्हापासून मामीनं हे सुरू केलं. ती बांधावर उभी राहून नुसती ओळींची तोंडं बघायची. निळी किनार दिसते म्हणजे कोण आत आहे, तिला बराबर कळायचं. सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय ती बांध सोडायची नाही. चहा आला तरी उभ्यानंच प्यायची.

हे मी सांगितलं तसे ह्यांचे हात थांबले. नंबर म्हणजेच पट्टी, म्हणाले. सोडताना प्रत्येकाचा नंबर धरून ठेवायचा आणि सगळे नंबर सुटेपर्यंत बांधावर उभं राहायचं. मला पुढं अजून सांगायचं होतं. मामी बाहेर येणारीला एक प्रश्न विचारायची, तो तर राहिलाच होता. पण ते उठले, हात धुतले आणि सायकल काढली. मी म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी ते दारातूनच बोलले. "तुझी पट्टी चालली गं. कागद पुरा निघाला."

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त केल्या आणि त्यांनी त्या खाल्ल्या. प्रश्नाचं मी काढलंच नाही. चाललेल्या गोष्टीत अजून एक कशाला घालायची?

त्यानंतर वर्षभरानं ती आली.

शेठजींनी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी कामावर ठेवली. हे तिला मॅडम म्हणायचे, म्हणून मीही इथं तेच लिहिते. वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. पहिल्यांदा ह्यांनी तिचं सांगितलं तेव्हा थोडं कुरकुरतच सांगितलं. आल्या आल्या तिनं त्यांची स्क्रिप्ट उघडून वाचली होती आणि विचारलं होतं, सर, नंबर गेला म्हंजे काम झालं असं कसं धरता? काम मधीच मेलं तरी नंबर जाईलच की.

मी भाजी वाढत होते. हातातली पळी तशीच राहिली. हाच तो प्रश्न. मामी बांधावरून प्रत्येकीला विचारायची, "झालं का राह्यलं?" राह्यलं म्हणण्यात लाज नव्हती. ऊन लागलं, पोटात दुखलं, लेकरू रडलं, काहीही असो. राह्यलं म्हटलं की मामी त्या ओळीत दुसरीला धाडायची. पण कोणी खोटंच झालं म्हटलं, तर दोन-चार फुलांतले नर तसेच राहायचे आणि सगळ्या प्लॉटचं बी बाद व्हायचं. म्हणून नुसती पट्टी सोडून भागायचं नाही, तोंडानं सांगावं लागायचं. हे मला न्हाण आलं नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. वर्षभर ते माझ्या तोंडात होतं. आणि ते त्या मुलीनं पहिल्या आठवड्यात विचारलं.

मी म्हणाले, आमची मामीपण विचारायची. ते म्हणाले, "हां, असंल," आणि पुढं मॅडमनं काय सांगितलं ते सांगू लागले. काम संपताना मागं एक आकडा ठेवून जातं. शून्य असला तर झालं. दुसरा काही असला तर बिघडलं. मोठ्या स्क्रिप्टनं थांबायचं तर थांबायचंच, पण प्रत्येकाचा तो आकडा हातात घेऊनच पुढं जायचं. कोणी मागितलाच नाही, तर मेलेल्या कामाचं नाव यंत्रात उगाच लटकत राहतं, कोणी क्रियाकर्म न केलेल्या माणसासारखं. हे मॅडमनं असंच सांगितलं होतं म्हणे, आणि सगळे हसले होते. सांगताना हेसुद्धा हसले.

थोड्याच दिवसांनी तसंच घडलं. वाटूरची फ्लॉपी खराब निघाली, वाटूरचं काम मधेच मेलं, पण मॅडमनं घातलेल्या आकड्यामुळं स्क्रिप्ट जागीच थांबली आणि पडद्यावर वाटूरचं नाव आलं. शेठजी मॅडमवर खूश. हेही खूश, आणि ते मला जास्त लागलं. शेजारणीच्या नवऱ्याचं बाहेर काही असलं की सगळी गल्ली सांगते, तसं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तसं असतं तर मी रडले असते, भांडले असते, माहेरी गेले असते. सगळ्यांना समजलं असतं. पण माझा नवरा एका मुलीला रोज एका कामाबद्दल विचारतो आणि ती त्याला उत्तर देते, ह्याबद्दल कोणाकडं जाऊन रडायचं?

हळूहळू दुपारचं बोलणं आटत गेलं. ते यायचे, जेवायचे, पण ऑफिसात बोलून रिकामे झालेले असायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "लई बारीकसारीक हाय गं ते, तुला काय सांगू." पूर्वी हेच बारीकसारीक ते मला सांगायचे. कधी सांगितलंच तर आधी मॅडम काय म्हणाल्या ते यायचं. मी मनातल्या मनात मोजू लागले होते, मॅडम किती वेळा येते, आणि मग माझा मलाच कंटाळा येऊन मोजणं सोडून दिलं.

एका रविवारी ते तिला जेवायला घेऊन आले. मी पुरणाच्या पोळ्या केल्या. ती दिसायला साधीच होती, सावळी, केस घट्ट बांधलेले, पायांत रबरी चप्पल. माझ्या मनातली मॅडम हिच्यापेक्षा गोरी होती. स्वयंपाकघरात येऊन ती भिंतीला टेकवलेला पाट घेऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, वहिनी, मी लाटू का? मी नको म्हटलं. मग तिनं सांगितलं की ती हसनाबादची. वडलांची कोरडवाहू शेती, कपाशीच. प्लॉटवर तीही सुट्टीत जायची. पाचवीपासून वडील तिला सायकलवर शाळेत सोडायचे, पुढं औरंगाबादेला वसतिगृहात ठेवली.

ती शहरातली असती, कोण्या साहेबाची मुलगी असती, तर मला इतकं झोंबलं नसतं. तिची माती माझीच होती. कपाशीच्या चिकानं तिचीही बोटं काळी पडली असतील. फरक फक्त एका सायकलचा. माझ्या वडलांकडंही सायकल होती.

जेवताना हे तिला पट्टीची गोष्ट सांगू लागले. मी कान देऊन बसले. "प्लॉटवर बायका अशी पट्टी बांधायच्या," ते म्हणाले, "त्याच्यावरून मला सुचलं." मी पोळीवर तूप वाढलं. ‘हिनं सांगितलं’ म्हणायला दोनच शब्द लागले असते. ती मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं होती का ही रीत? आमच्याकडं न्हवती." मी मान हलवली. बोलायला तोंड उघडेपर्यंत हे दुसऱ्या विषयावर गेले होते.

पुढल्या हंगामात एक दिवस हे सकाळीच जीपनं वाटूरला गेले. दुपारी शेजारच्यांकडं ऑफिसातून फोन आला की फ्लॉपीच्या कपाटाची किल्ली ह्यांच्याकडंच राहिली आहे, बघा. किल्ली खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होती. घेऊन कोण जाणार? मीच गेले. इतक्या वर्षांत त्या ऑफिसच्या आत मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते.

मॅडमनं मला आतल्या खोलीत नेलं. बाहेर चपला काढायच्या, आत गारठा, फरशी अशी थंड की पायांची बोटं आपोआप आखडली. हेच ते यंत्र. मला ते मोठं वाटलं होतं, आमच्या कोठीएवढं, पण ते होतं टेबलाखाली मावेल एवढं. तिनं कपाट उघडलं, फ्लॉप्या घातल्या, आणि मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. वहिनी, बघा तरी, म्हणाली, सरांचं काम कसं चालतं ते. तिनं काही बटणं दाबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकाखाली एक नावं उमटली आणि प्रत्येकासमोर एक नंबर. इंग्रजी मला येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि कोणती ओळ कोणत्या गावाची ते तिनं बोट ठेवून दाखवलं.

पहिल्यांदा अंबडकडची ओळ बदलली. नंबर गेला, त्या जागी शून्य आलं. मग वाटूर, मग दुसरी दोन. ही सगळी एकाच वेळी आत होती, एकमेकींना न दिसता, आणि इथं बसून एकेक बाहेर येताना दिसत होती. हे रोज इथं बसून हेच बघत होते. हे बघून घरी आल्यावर कोणाला भाकरीची काय गोडी? आणि शेजारची ही खुर्ची रोज कोणाची, तेही मला दिसत होतं. गोष्ट इतकी चांगली असेल असं मला वाटलं नव्हतं. ती फालतू निघाली असती तर मला बरं वाटलं असतं.

इतक्यात बाहेरच्या टेबलावरून कोणी तरी हाक मारली, मॅडम, पुण्याहून फोन. ती एकदम उठली. चेहरा उतरलाही आणि उजळलाही. मला म्हणाली, "वहिनी, दोन मिनिटं बसा. हसनाबादचं तेवढं राह्यलंय. शून्य आलं तर झालं. दुसरं काई आलं तर न्हाई झालं. काई दाबू मात्र नका."

ती गेली. मी पडद्याकडं बघत बसले. हसनाबादचा नंबर बराच वेळ तसाच होता. मग तो गेला आणि त्या जागी एक आला. शून्य नाही, एक. खाली एक इंग्रजी ओळ आली आणि तिच्या शेवटी पांढरा ठिपका लुकलुकू लागला. तरीही कागद काढायचा का, असं ती ओळ विचारत होती, हे मला मागून कळलं.

दार उघडून शेठजी आत आले. मी उभी राहिले, पदर सावरला. त्यांनी मला ओळखलं नाही. नवी कामवाली समजले असतील.

"मॅडम कुठं गेल्या? गाडी कव्हाची खडी आहे," ते म्हणाले. "झालं का ते? झालं असेल तर दाबा बटण, कागद निघू द्या. मी दाबू का?"

ते पुढं वाकले. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात काय आलं. मी गप्प राहिले तर चालणार होतं. मी कोण, अडाणी बाई, किल्ली द्यायला आलेली. ते बटण दाबतील, हसनाबाद सोडून कागद निघेल, गाडी जाईल, आणि उद्या ह्या खोलीत विचारतील की काम टाकून मॅडम कुठं गेली होती. उद्यानंतर कदाचित शेजारच्या खुर्चीवर कोणी नसेल. आयुष्यात गप्प राहण्याशिवाय मी दुसरं काही केलं नव्हतं, आणि आता तेवढंच करायचं होतं.

"राह्यलं," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेठजींचा हात थांबला.

"काय?"

"हसनाबादचं राह्यलं. एक आलाय. बटण दाबू नका."

मी का बोलले, ह्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तिच्यासाठी नाही, हे नक्की. त्या क्षणी ती मला डोळ्यांसमोरही नको होती. पण कोणी झालं का म्हणून विचारलं आणि समोर राहिलेलं दिसत असलं, तर दुसरं उत्तर माझ्या जिभेवर येतच नाही. लहानपणी तसं वळण पडलं आहे. शेठजी माझ्याकडं आणि पडद्याकडं बघत राहिले, मग गाडीवाल्याला थांबायला सांगत बाहेर गेले.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. पडद्यावर एक बघून तिनं जीभ चावली. एक फ्लॉपी तिनं उलटसुलट केली, दुसरी घातली आणि पुन्हा चालवलं. फक्त हसनाबाद. बाकीच्या चौघींना परत आत पाठवायची गरज नसते, म्हणाली. थोड्या वेळानं शून्य आलं, कागद निघाला. शेठजी येऊन गेल्याचं मी सांगितलं. काय म्हणाले आणि मी काय म्हणाले, तेही. ती माझा हात धरून बसली. मला तो काढून घ्यायचा होता.

मग ती हळूच म्हणाली, "वहिनी, पुण्याला नोकरी लागली मला. सरांला सांगू नका आत्ताच. मीच सांगंन, हंगाम झाल्यावर."

मी होकार दिला. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. ती जाणार होती, आणि हे मला माहीत होतं, ह्यांना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी स्वतःहून विषय काढला. शेठजींनी त्यांना विचारलं होतं की ती बाई कोण. ते खूश होते, आणि थोडे वेगळेही. पडद्यावर काय काय आलं ते मला बराबर सांगायला लावलं. कोणतं आधी गेलं, एक कसा आला, मॅडमनं मग काय केलं. मी सावकाश सांगितलं. त्यांना आधी वाढलं, आमटी गरम केली, मग पुढचं सांगितलं. इतक्या दिवसांनी ते माझ्या तोंडाकडं बघत होते. खोलीत ते नव्हते आणि मी होते.

"अजून काय म्हणाल्या मॅडम?" त्यांनी विचारलं.

"काई न्हाई," मी म्हणाले.

"इतका वेळ बसलीस, कायतरी बोलल्या असतील."

"काई न्हाई म्हणलं ना."

त्यांना ते लागलं. मला दिसलं, आणि मला बरं वाटलं.

हंगाम झाला. तिनं ऑफिसात सांगितलं. त्या दुपारी हे घरी आले, जेवले नाहीत. मॅडम चालल्या, एवढंच म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "तुला माहीत व्हतं?" मी हो म्हटलं. ते काही रागावले नाहीत. चप्पल घालून उपाशीच परत गेले, आणि पुढं कित्येक दिवस ताटावर नुसतं मीठ दे, पाणी दे एवढंच बोलणं झालं. ती जायच्या आधी निरोप घ्यायला घरी आली. माझ्या पाया पडली. मी तिची ओटी भरली, नीट, मनापासून भरली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिले. ती खरंच गेली ना, ते मला बघायचं होतं.

मला वाटलं होतं, आता पूर्वीसारखं होईल. तसं झालंही. पावसाळ्यापर्यंत ह्यांचं बोलणं सुरू झालं. शेठजींनी नवं यंत्र घेतलं, केंद्रं वाढली, एकदम किती कामं सोडायची आणि किती दारात थांबवून ठेवायची ह्याची नवी भानगड आली. सगळी एकदम सोडली तर कोणाचंच पुढं सरकत नाही, म्हणून थोडी आत आणि बाकीची रांगेत. आतून एक आलं की रांगेतलं एक सोडायचं. हे सगळं ते मला सांगू लागले, पूर्वीपेक्षा जास्त. ऑफिसात दुसरं ऐकणारं कोणी नव्हतं.

पण बोलता बोलता ते एखाद्या जागी थांबायचे. पूर्वी थांबत नसत. घास हातात धरून, वाक्य अर्धं सोडून थांबायचे. मला आधी कळेना. वाटायचं, मीठ कमी पडलं का? मग कळलं. त्या जागी कोणी तरी प्रश्न विचारायचं, त्याची त्यांना सवय झाली होती. तो येत नाही असं बघून ते आपलेच पुढं जायचे.

एकदा ते रांगेचं सांगून असेच थांबले. मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"आतलं एखादं बाहेरच आलं न्हाई तर?" मी विचारलं. "मेलं न्हाई, संपलं न्हाई, नुसतं बसून राह्यलं. मंग रांगेतल्यांनी काय करायचं?"

ते दचकले. मग त्यांचा चेहरा उजळला, मांडी बदलून बसले आणि सांगू लागले. हाच त्यांना छळणारा प्रश्न होता म्हणे. किती वेळ वाट बघायची ते आधीच ठरवून ठेवावं लागतं, वेळ संपली की ओढून बाहेर काढायचं, काढल्याची खूण ठेवायची. भाकरी निवत गेली. मी काही तरी चांगलं विचारलं होतं, हे मला समजत होतं. ते हातवारे करत होते, बोटानं ताटाच्या कडेवर रांग काढून दाखवत होते. बघत मात्र होते माझ्या शेजारी, जिथं भिंतीला टेकवलेला रिकामा पाट होता, तिकडं.

मी उठून तो पाट आतल्या खोलीत ठेवून आले आणि म्हटलं, हं, सांगा पुढं.